परमिट रूम: कसलं परमिट?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायवेला लागा, थोड्या थोड्या वेळाने एक पाटी दिसतेच. 'हॉटेल अमुकतमुक, फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम'. आपण लहानपणापासून ही पाटी वाचत आलोय, त्यामुळे तिच्यात काही विचित्र आहे असं आपल्याला वाटत नाही. पण दिल्ली-बंगलोरकडून पुण्यात नवीन आलेला कलीग हमखास विचारतो, "ये परमिट रूम क्या होता है?" आपण म्हणतो, "बार है यार." मग त्याचा पुढचा प्रश्न, "तो फिर बार क्यों नहीं लिखते?" इथे आपली बोलती बंद.

तर मंडळी, उत्तर असं आहे. कायद्याच्या पुस्तकानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. दुकानदाराला लागतोच, पण पिणाऱ्यालाही लागतो! एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजीवनही मिळतो. बिअरला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५. आपल्यापैकी बहुतेकांनी हा कागद आयुष्यात पाहिलेला नसतो. पण आपण ज्या खोलीत बसून पितो, ती मुळात हा कागद खिशात असलेल्यांसाठी राखलेली खोली आहे. म्हणून ती परमिट रूम. हे सगळं येतं १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. त्या कायद्याचं नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे. नाव नीट वाचा, दारू 'बंदी'!

या विषयात शिरायला निमित्त झालं आमच्या टीममधल्या एका मित्राचं. वय एकोणतीस. डॉक्टरने लिव्हरचे रिपोर्ट बघून "आता थांबा" म्हणून सांगितलं आणि पठ्ठ्याने खरंच थांबवलं. चार महिने झाले. मी त्याला विचारलं, सगळ्यात अवघड काय गेलं? मला वाटलं, म्हणेल रात्री झोप लागत नाही वगैरे. तो म्हणाला, "दर शुक्रवारी सात-आठ जणांना कारण सांगणं."

हे ऐकल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. माणसाला दारू सोडायला नक्की काय लागतं? कायदा, डॉक्टर, देव की आणखी काही? आणि गंमत म्हणजे आपल्याच भागात या प्रत्येक उपायाचा मोठा प्रयोग होऊन गेलाय. तेच आज सांगतो.

*

सुरुवात जरा मागून करू. इंग्रजांच्या आधी आपल्याकडे दारू नव्हती असं मुळीच नाही. मोहाची होती, ताडी होती, माडी होती. गावात लागेल तेवढी गाळायची, सणाला प्यायची, देवाला दाखवायची. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला आणि हे चित्र पालटलं. लायसन्सशिवाय गाळायची नाही, विकायची नाही, ताडीच्या झाडाला चीर द्यायची तरी झाडामागे कर भरायचा. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बेकायदा झाल्या आणि धंदा मोठ्या ठेकेदारांच्या हातात गेला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावर बंधनं घालणारा वेगळा कायदा झाला. म्हणजे झाडाखाली पडलेली फुलं वेचून घरात ठेवली तरी गुन्हा होऊ शकत होता. ही फुलं आदिवासी खातसुद्धा, हे साहेबाच्या रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं :)

परिणाम काय झाला? दारू तीच, पण आता ती दुकानातून विकत घ्यायची. पैसे नसले तर उधारीवर. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात दुकानदार आणि सावकार पुष्कळदा एकच असायचा. उधारी वाढली की जमीन त्याच्या नावावर. त्या काळात दारू हा लिव्हरच्याही आधी सातबाऱ्याचा प्रश्न होता.

आता १९२१ सालात या. जागा पालघरचा किनारा. मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत देवीची साथ होती. देवी म्हणजे स्मॉलपॉक्स. साथ शांत व्हावी म्हणून लोकांनी देवीला आळवलं, काहींच्या अंगात आलं, आणि त्यांच्या तोंडून देवी बोलू लागली. दारू सोडा, ताडी सोडा, मासे-मटण सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा. ही देवी मग चालायला लागली. एका गावाने पुढच्या गावाला द्यायची, असं करत ती डोंगरातून, नाशिकच्या बाजूने, डांगातून १९२२ च्या नोव्हेंबरपर्यंत सुरत जिल्ह्यात पोचली. चौधरी, गामित, धोडिया अशा समाजांतली हजारो माणसं मांडवाखाली जमत, ज्यांच्या अंगात यायचं त्यांचं ऐकत आणि सगळ्यांनी मिळून ठरवत, आजपासून बंद. त्या पट्ट्यातली दारूची आणि ताडीची विक्री धाडकन पडली. सरकारी महसुलाचे आकडे बघणारे साहेब हैराण. पुढे या आदेशांना गांधीजींचं नाव जोडलं गेलं, पण सुरुवात त्यांनी केलेली नव्हती. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, 'द कमिंग ऑफ द देवी', १९८७ साली. मिळालं तर जरूर वाचा.

यात मला काय भावलं सांगू? इथे कोणी एकट्याने दारू सोडली नाही. अख्ख्या गावाने एकाच दिवशी सोडली. "का रे, आज नाही घेत?" असं विचारायला कोणी उरलंच नाही!

अर्थात हे सगळं कायमचं टिकलं नाही. काही महिन्यांनी, वर्षांनी बरेच जण परत वळले. चौधऱ्यांमध्ये तर दोन तट पडले. दारू वर्ज्य ठेवणारे ते 'वरजेला' आणि परत जुन्या रीतीवर गेलेले ते 'सरजेला'. पण जे टिकले ते गटाने टिकले, हे विसरू नका.

*

तिकडे जंगलात हे चाललेलं असताना इकडे शहरातला पांढरपेशा काय करत होता? तो 'एकच प्याला' बघून रडत होता. गडकऱ्यांचं हे नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर. बालगंधर्वांच्या सिंधूने दोन-तीन पिढ्या रडवल्या. मला मात्र त्यातलं तळीरामाचं 'आर्य मदिरा मंडळ' जास्त महत्त्वाचं वाटतं. पिणाऱ्यांचं रीतसर मंडळ आहे, तिथे सोबत आहे, थट्टामस्करी आहे, नवीन माणसाचं स्वागत आहे. सुधाकराने सोडायचं ठरवलं तर त्याच्यासाठी मात्र असं कुठलंच मंडळ नाही. गडकऱ्यांनी हे १९१९ च्या आधी हेरलं होतं. आमच्या शुक्रवारच्या टेबलाचा फोटो आहे तो.

नेत्यांनाही हा विषय नवा नव्हता. टिळकांनी १९०८ च्या सुमारास पुण्यात दारूच्या दुकानांवर निदर्शनं करवली होती. काँग्रेसच्या कार्यक्रमात दारूबंदी पक्की होती. त्यामुळे हातात सत्ता आली तेव्हा साहजिकच प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि अबकारी खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे. गिल्डर हृदयरोगतज्ज्ञ, शिवाय स्वतः पारशी. मुंबईच्या दारू-ताडीच्या धंद्यात पारशी समाजाचा वाटा मोठा होता, त्यामुळे त्यांना घरच्यांचाच रोष पत्करावा लागला. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर लावला. म्हणजे पिणारा गप्प आणि घरमालक खवळलेला! त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली.

दुसरा प्रयोग जास्त जोरकस होता. स्वातंत्र्यानंतर परत खेर मुख्यमंत्री, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. १९४९ चा कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण मुंबई राज्यात बंदी. १९५१ च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या वर होती. एवढ्या माणसांना एका कायद्याने "आता थांबा" म्हणून सांगायचं. स्केल बघा!

कायदा किती कडक होता? दारू बनवायची नाही, विकायची नाही, बाळगायची नाही, प्यायची नाही हे तर झालंच, पण तिची शिफारस करायलासुद्धा बंदी होती! एफ. एन. बलसारा नावाचे मुंबईकर कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, मला माझी व्हिस्की, ब्रँडी, बिअर बाळगू द्या, औषधी वाईन आणि ओ-द-कोलोनसुद्धा. कारण त्यात अल्कोहोल असल्यामुळे कायद्याच्या व्याख्येनुसार अत्तराची बाटलीही 'दारू' ठरत होती. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य, पण औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द, आणि दारूची शिफारस करणं हा गुन्हा ठरवणारं कलमही रद्द, कारण ते भाषणस्वातंत्र्याच्या आड येतं. लष्कराच्या मेसला दिलेली सूट मात्र कायम राहिली.

मग दुसरी केस. ही तर सिनेमात शोभेल अशी आहे. २९ मे १९५१ च्या रात्री कुलाब्याच्या दिशेने चाललेल्या एका जीपने माणसांना धडक दिली. चालवणारे होते पेसिकाका, पद काय तर मुंबईचे प्रादेशिक परिवहन अधिकारी! म्हणजे आरटीओ. तोंडाला वास येत होता. बचाव असा की मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. आता बलसारा निकालामुळे औषधातलं अल्कोहोल चालत होतं. त्यामुळे १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की यांनी घेतलेली दारू बंदी असलेलीच होती हे सरकारी पक्षाने सिद्ध करायला हवं. ते झालं नाही आणि दारूबंदीच्या आरोपातून ते सुटले. नुसत्या वासावर शिक्षा होईना म्हटल्यावर सरकारने १९५९ साली कायद्यात पॅच मारला. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून आलं हे आरोपीने सिद्ध करायचं.

हे सगळं वाचताना जाणवत राहतं की एवढी हुशार डोकी कामाला लागली ती बाटलीत काय आहे आणि रक्तात किती आहे हे मोजायला. माणूस का पितो, आणि थांबायचं असेल तर त्याने कुठे जायचं, हे कोणी विचारत नव्हतं.

शहराने आपली वाट शोधलीच. वांद्रे, माहीम, धोबीतलाव इथल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये घराच्या पुढच्या खोलीत चालणारे 'आंटी'चे अड्डे प्रसिद्ध झाले. गूळ, नवसागर, सडकी फळं घालून हातभट्टीची गाळायची आणि ट्यूबमध्ये भरून पोचवायची. गोवा आणि दमण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे असल्यामुळे तिकडूनही माल यायचा. सायन-कोळीवाडा आणि धारावीकडे वरदराजन मुदलियारचं साम्राज्य उभं राहिलं ते याच हातभट्टीवर. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती त्यांच्यासाठी परमिट होतं. परदेशी माणसासाठी वेगळं, पर्यटकासाठी वेगळं, आणि आपल्या माणसासाठी आरोग्याच्या कारणाचं. म्हणजे डॉक्टरने लिहून द्यायचं की यांच्या प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे.

आता या परमिटचा जरा विचार करा. धडधाकट माणूस आजारपणाचा दाखला मिळवून आरामात प्यायचा. आणि ज्याला खरोखर आजार होता, म्हणजे सकाळी उठल्यावर घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नव्हते, तो हातभट्टीच्या रांगेत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाने डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबायचं असतं. अमुक तारखेपासून बंद हा हुकूम शरीराला कळत नाही. अशा माणसाच्या वाट्याला कायद्यातून मुख्यतः पोलीसच आले.

१९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. गुजरातने हाच कायदा सोबत नेला आणि तिथे दारूबंदी अजून आहे. हेल्थ परमिटसुद्धा आहे. महाराष्ट्राने १९६० च्या दशकात नियम सैल करायला सुरुवात केली, १९७० च्या दशकात देशी दारूही सरकारमान्य झाली. कायदा रद्द करण्याऐवजी परमिट सोपं केलं. राजकीयदृष्ट्या सोयीचं! लेगसी कोड कोणी डिलीट करत नाही, वरून रॅपर टाकतात, तसंच :)

*

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्यासाठी पाच मिनिटं अमेरिकेत जाऊ. तिथेही १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती आणि फसली. बंदी उठल्यावर दीड वर्षाने, मे १९३५ मध्ये, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. दारूने करिअर धुळीला मिळालेलं, काही महिन्यांपूर्वीच सोडलेली. ज्या कामासाठी आला ते फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत उभा, समोर बार, आतून हसण्याखिदळण्याचे आवाज. प्यायची प्रचंड इच्छा झाली. त्याने काय करावं? लॉबीतल्या फोनवरून गावातल्या चर्चवाल्यांना फोन लावले, की मला इथला कोणी दारूडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. दुसऱ्या दिवशी त्याला भेटले डॉ. बॉब स्मिथ, सर्जन आणि पक्के पिणारे. डॉक्टर म्हणाले होते पंधरा मिनिटं देईन. बोलणं काही तास चाललं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. फी नाही, आडनाव नाही, उपदेश नाही. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याला आपली गोष्ट सांगायची, आणि फक्त आजचा दिवस न पिता काढायचा.

ही चळवळ भारतात पोचली १९५७ साली, आणि ती सुरू झाली मुंबईत. साल परत वाचा. मुंबईत तेव्हा पूर्ण दारूबंदी होती! ज्या शहरात दारू कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती, त्या शहरात काही माणसांना एका खोलीत बसून "मला दारू सुटत नाही" असं एकमेकांना सांगायची गरज पडत होती. कायद्याला आठ वर्षांत जे जमलं नव्हतं, त्याची सुरुवात चार खुर्च्यांवर झाली.

पुण्यात १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. निमित्त होतं गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं. मदत आणि पाठबळ पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचं. पुढे तिथे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले. तिथे औषधोपचार आहेत, पण सोबत गट आहे, बाहेर पडल्यावर फॉलो-अपच्या मीटिंगा आहेत, आणि पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. म्हणजे सोडणाऱ्याच्या आजूबाजूची माणसंही उपचाराचा भाग.

गावाकडचं उदाहरण म्हणजे 'आडवी बाटली'. बायका मतदान करतात, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. गडचिरोलीत मोठ्या लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हाबंदी आली. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलायला दोन्हीकडे मुद्दे आहेत, त्या वादात आज शिरत नाही. रोज रात्री मार खाणाऱ्या बाईला दुकान बंद व्हावंसं वाटतं याला "चॉइस" वगैरे शब्द वापरून उत्तर देणं मला तरी जमणार नाही. फक्त एवढं दिसतं की जिथे गावाने एकत्र ठरवलं तिथे त्या ठरावात जीव होता, देवीच्या मांडवात होता तसाच.

*

थोडक्यात काय, सरकार फार लांब असतं आणि माणूस एकटा फार कमी पडतो. शंभर वर्षांत जे काही थोडंफार चाललं ते या दोघांच्या मधल्या जागेत चाललं. मांडव, चार खुर्च्यांची मीटिंग, सहचरी, वस्तीतल्या बायका. सात-आठ माणसं, जी रोज भेटतात आणि ज्यांना कारण सांगावं लागत नाही.

आपल्या पिढीत ती सात-आठ माणसं म्हणजे बहुतेक वेळा टीमच असते. घर दुसऱ्या गावी, रूममेट्सही आयटीवाले, वीकेंड शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो आणि तो परमिट रूममध्येच सुरू होतो. प्रमोशन, रिलीज, फेअरवेल, सगळ्याला एकच टेबल. अशा वेळी सोडणाऱ्याला दारूबरोबर मित्रसुद्धा सोडावे लागणार असतील, तर तो काय सोडेल ते उघड आहे.

म्हणून माझी विनंती अगदी छोटी आहे. पुढच्या पार्टीत कोणी लिंबू सोडा मागवला, तर "का रे, तब्येत बरी आहे ना?", "एकाने काय होतंय?" हे दोन प्रश्न विचारू नका. महिन्यातून एखादी पार्टी सकाळी मिसळीवर करा. आमच्याकडे हे दोन वेळा झालं, एरवी कधीच न येणारे तिघेजण आले. त्यातल्या एकाने हळूच सांगितलं की तोही गेले वर्षभर घेत नाही, फक्त बोलला नव्हता.

असो. लांबलं जरा. मित्राचा पाचवा महिना चालू आहे.